चंद्रभागेकाठचा खराटा

आज आषाढ शुद्ध एकादशी. आळंदीहून श्रीज्ञानदेवांची, देहूहून श्रीतुकोबांची, पैठणहून श्रीएकनाथांची, त्र्यंबकेश्वराहून श्रीनिवृत्तिनाथांची, अशा अनेक संतांच्या पालख्या पंढरीत विसावल्या आहेत. ज्यांना गाभाऱ्यापर्यंत पोहोचता येते ते समचरणांवर माथा टेकतात; ज्यांना ते भाग्य लाभत नाही ते कळसाकडे पाहून हात जोडतात आणि वारी रुजू झाली असे मानून समाधानाने माघारी फिरतात. या वारीच्या शतकानुशतकांच्या वाटचालीत नाना तऱ्हेचे भक्त होऊन गेले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र एक असा वारकरी पंढरीला येत असे, की ज्याच्या हाती वीणा नसे, पताका नसे. असे तो एक झिजलेला खराटा.

अंगावर नाना रंगांच्या चिंध्या जोडून शिवलेला अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर टोपीसारखे पालथे घातलेले मडक्याचे खापर. भाकरीच्या वेळी तेच खापर उताणे होऊन ताटाचे काम करी. लाखोंचा समुदाय राऊळाच्या दिशेने लोटत असता हा पुरुष नदीच्या वाळवंटात खाली मान घालून घाण गोळा करीत असे. त्याने जन्मभर पंढरीच्या वाऱ्या केल्या, पण दर्शनासाठी देवळाची पायरी चढला नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. लोक त्याला गाडगेबाबा म्हणत. या पर्वणीच्या दिवशी त्यांच्या चरित्राचे स्मरण करावे, असे मनात आहे.

त्या काळची यात्रा कशी असे, याची आज कल्पना येणे कठीण आहे. लाखो माणसे एका लहानशा गावात उतरत. नदीचे पात्र हेच स्नानाचे ठिकाण, तेथेच पिण्याचे पाणी भरावयाचे आणि प्रातर्विधीही तेथेच आटोपावयाचे, असा प्रकार चाले. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही पंढरीच्या यात्रेत पटकीची साथ वारंवार उद्भवे. परतणाऱ्या वारकऱ्यांच्या पावलांबरोबर ती खेडोपाडी पसरे. माउलीच्या भेटीस गेलेला घरचा कर्ता माणूस परत आलाच नाही, अशी कुटुंबे त्या पिढीत थोडी नव्हती. हे ध्यानी घेतले, म्हणजे वाळवंटात फिरणाऱ्या त्या खराट्याचे मोल कळू लागते. देवाच्या दारी आलेले लेकरू धडधाकट घरी जावे, एवढ्यासाठी ते झाडणे होते.

परटाच्या घरचा डेबू

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. मुलाचे नाव डेबूजी ठेवले. दुसऱ्याच्या कपड्यांचा मळ धुऊन काढणे हा या जातीचा परंपरागत धंदा. गावाला ज्याच्यावाचून एक दिवस चालत नाही आणि ज्याला गाव मान देत नाही, अशा धंद्यांपैकी तो एक. पुढे या मुलाने गावाचाच मळ धुवावयास घेतला, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

झिंगराजी स्वभावाने वाईट नव्हते. पण देवाला बोकड कापावयाचा, दारूचा नैवेद्य दाखवावयाचा आणि मग तोच प्रसाद म्हणून सर्वांनी घ्यावयाचा, ही त्या काळी अनेक घरांतून चालत आलेली रीत होती. प्रसादाचे व्यसन झाले, व्यसनाने शेतीवाडी गिळली आणि १८८४ साली झिंगराजींनी देह ठेवला. डेबू त्या वेळी आठ वर्षांचा होता. सखुबाई पोर घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी, भावाच्या आश्रयास आल्या. देवाच्या नावावर घरात शिरलेल्या वस्तूने घर बुडविले, हे त्या पोरक्या मुलाने फार लवकर पाहिले होते. आयुष्यभर त्यांनी नवस, बळी आणि दारू यांवर कोरडे ओढले. पुढच्या त्या सगळ्या कीर्तनांचे मूळ या बालपणात आहे, असे मला वाटते.

मामाच्या घरी डेबू गुरे राखू लागला. पुढे नांगर हाती आला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. अक्षरओळख जन्मभर झाली नाही. पण शेतीच्या कामात त्याच्या तोडीचा गडी पंचक्रोशीत नव्हता. पहाटे उठून गोठा झाडावा, गुरे धुवावी, दिवसभर औतामागे राहावे आणि रात्री भजनाला बसावे, हा त्याचा क्रम. गोठा झाडण्याचे काम त्याला कोणी सांगावे लागत नसे. मनुष्य पुढे कितीही मोठा होवो, त्याच्या हाताला लहानपणी लागलेले वळण सुटत नाही. बाबांचा खराटा दापुऱ्याच्या गोठ्यातून आलेला आहे, हे विसरता कामा नये.

मामा चंद्रभान सरळ मनाचे. सावकाराने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी न वाचता अंगठे उठविले आणि घामाने पिकविलेली जमीन सावकाराच्या घशात गेली. त्या धक्क्याने मामा गेले. सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यावयास आली तेव्हा तरुण डेबूजी औत सोडून बाजूला झाला नाही. तो त्यांच्यापुढे उभा ठाकला. वऱ्हाडातील खेडुतांना त्या काळी सावकारापुढे मान वर करण्याचीही सवय नव्हती. अक्षर न येण्याची किंमत काय असते, ती या तरुणाने अशी मोजली. पुढे मोडके भांडे विकावे, हातावर भाकरी घेऊन खावी, पण पोराला शाळेत घालावे, असे ते हजारोंच्या समुदायाला कळवळून सांगत, त्यामागे मामाचा तो अंगठा होता.

१८९२ साली डेबूजीचे लग्न झाले. पत्नीचे नाव कुंताबाई. पहिले अपत्य झाले तेव्हा बारशाला जातभाईंना मांस आणि दारू देण्याची प्रथा होती. डेबूजीने पानात गोड अन्न वाढले. भाऊबंद रागावले, टोमणे मारले, वाळीत टाकण्याची भाषा निघाली. त्याने ती ऐकून घेतली आणि वाढणे चालू ठेवले. त्यांच्या सुधारणेचे पहिले पाऊल असे स्वतःच्या घरात, स्वतःच्या जातीच्या पंगतीत पडले. जगाला शिकवावयास निघण्यापूर्वी घरच्यांचा रोष पत्करणारे थोडे असतात.

ऋणमोचनचा घाट

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे, वयाची २९ वर्षे पुरी होत आली असता, डेबूजीने घर सोडले. हाती काठी, एक मडके आणि अंगावर फाटके वस्त्र एवढेच बरोबर घेतले. घरात आई होती, पत्नी होती, मुले होती. यानंतर सुमारे बारा वर्षे ते रानोमाळ आणि गावोगाव फिरत राहिले. कोठे वेडा म्हणून पोरांनी दगड मारले, कोठे चोर समजून लोकांनी हुसकले. कोणी चिंधेबुवा म्हणाले, कोणी गोधडेबुवा, कोणी लोटके महाराज. अखेरीस हातातील गाडग्याचेच नाव कायम झाले. त्यांनी गुरू केला नाही आणि पुढे शिष्यही केला नाही.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचे तीर्थ आहे. पौष महिन्यात रविवारी तेथे यात्रा भरते. नदीचा उतार चिखलाचा आणि निसरडा. म्हातारी माणसे, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बायका तेथे घसरून पडत. बाबा यात्रेच्या दिवसांत तेथे जात आणि कुदळ-फावडे घेऊन दिवसभर उतार नीट करीत. चिखल उपसावा, त्यावर कोरडी माती टाकावी, म्हातारीचे गाठोडे स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिला पैलतीरी पोहोचवावे. पाय धरावयास कोणी वाकले की हा मनुष्य बाजूला सरे. पुढे लोकांच्या वर्गणीतून आणि श्रमातून तेथे पक्का घाट उभा राहिला. बाबांच्या हातून झालेले हे पहिले मोठे बांधकाम. ते १९०८ च्या सुमाराचे. ज्या तीर्थाच्या नावातच ऋणातून सुटका आहे, तेथे सावकारी ऋणापायी उद्ध्वस्त झालेल्या घरच्या पुत्राने ते बांधावे, ही गोष्ट मनात घोळत राहते.

सखुबाई आणि कुंताबाई यांना घर सोडून गेलेला डेबू पुन्हा दिसला तो याच यात्रेत. आईने घरी चलण्याची विनवणी केली. ते गेले नाहीत.

आधी काम, मग भाकरी

बाबांची गावोगाव फिरण्याची एक ठरलेली रीत होती आणि त्यांचे सगळे तत्त्वज्ञान त्या रीतीत आहे. सकाळी ते एखाद्या गावात शिरत. कोणाशी बोलणे नाही, ओळख नाही. वेशीपासून रस्ता झाडावयास सुरुवात होई. गटारे उपसली जात, उकिरडे हलविले जात, देवळापुढचा, चावडीपुढचा, तसाच महारवाड्यापुढचा रस्ताही त्याच खराट्याने स्वच्छ होई. कोणाकडे लाकडे फोडावयाची असली तर ती फोडून द्यावी, कोणाच्या शेतात कापणी चालली असली तर दोन पाती कापून द्याव्या. एवढे झाल्यावर दारी उभे राहून भाकरी मागावी. गव्हाची पोळी आणि गोडधोड पुढे आले तर ते नाकारून ज्वारीची शिळी भाकरी, झुणका किंवा चटणी खापरात घ्यावी आणि एका बाजूला बसून खावी. काम न करता खाल्लेला घास त्यांना पचत नसे.

आपल्या देशात साधूला भिक्षा देण्याची परंपरा प्राचीन आणि थोर आहे. देणारा पुण्याचा धनी होतो, घेणारा आशीर्वाद देतो. बाबांनी या व्यवहाराला हात लावला. त्यांनी आशीर्वादाच्या जागी काम ठेवले. भगवी वस्त्रे घालून बसल्या जागी पोसले जाणाऱ्यांविषयी त्यांच्या मनात तिटकारा होता आणि तो ते लपवीत नसत. मात्र त्याच तोंडाने ते आंधळ्या-पांगळ्यांना, महारोग्यांना पोटभर अन्न द्यावे असे सांगत. स्वतः त्यांना तेल लावून न्हाऊ घालीत, नवी वस्त्रे नेसवीत, पंगतीला बसवून आग्रहाने वाढीत. ज्याचे हात चालतात त्याने काम करून खावे, ज्याचे चालत नाहीत त्याला इतरांनी खाऊ घालावे. इतका साधा हा हिशेब.

झाडण्याच्या कामाला आपल्या समाजाने सर्वांत खालची पायरी दिली. ते काम जन्मानेच काहींच्या माथी मारले आणि वर त्यांच्या सावलीचाही विटाळ मानला. जी माणसे गाव स्वच्छ ठेवीत ती अपवित्र आणि जी गाव घाण करीत ती पवित्र, अशी ही उलटी गणती. बाबांनी तिच्यावर ग्रंथ लिहिला नाही. लिहिता येतच नव्हते. त्यांनी खराटा उचलला आणि तो आपल्या हातात शेवटपर्यंत ठेवला. जेव्हा मोठमोठे धनिक आणि मंत्री त्यांच्या दर्शनास येऊ लागले तेव्हा त्यांनाही खराटा हाती घेतल्यावाचून बाबांजवळ उभे राहणे अवघड जाई. गो. नी. दांडेकरांसारखा पुढे मोठा साहित्यिक झालेला पुरुष तारुण्यात काही काळ त्यांच्या सहवासात राहिला होता. बाबांचे चरित्र त्यांनी नंतर लिहिले. प्रबोधनकार ठाकरे यांनीही त्यांचे चरित्र लिहिले आहे. परंपरेवर आसूड ओढणारा प्रबोधनकारांसारखा लेखक आणि गडकोटांवर, भक्तिपरंपरेवर प्रेम करणारे दांडेकर हे दोघेही या निरक्षर पुरुषापुढे नम्र झाले.

दिवसा गाव झाडून झाले की रात्री कीर्तन. लोक चावडीपुढे जमत. पेटी-तबल्याचा थाट नसे. टाळ नसले तर दोन दगड वाजवूनही चाले, असे सांगतात. देवकीनंदन गोपाळाच्या नामाचा गजर सुरू झाला की हजारो कंठ त्यात मिसळत. मग बाबा प्रश्न विचारू लागत. त्यांचे कीर्तन म्हणजे श्रोत्यांशी चाललेले संभाषण असे आणि भाषा अस्सल वऱ्हाडी. देव कोठे राहतो, तो बोकड खातो काय, कर्ज काढून सण करावा असे त्याने कोणाला सांगितले, माणसाला माणसाचा विटाळ कसा होतो, असे एकामागून एक प्रश्न येत आणि उत्तर श्रोत्यांनाच द्यावे लागे. हसता हसता माणसे गप्प होत. तुकोबा आणि कबीर त्यांच्या ओठांवर असत. कीर्तन संपता संपता बाबा अंधारात निघूनही जात, कारण मागे राहिले तर लोक पाया पडतील ही धास्ती.

आज एकादशीच्या दिवशी हे लिहिताना एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बाबांचे काही प्रश्न आपल्याही देवघराच्या उंबऱ्यापर्यंत येतात. ऋण काढून यात्रा करू नये, मूर्तीवर दूध ओतण्यापूर्वी दारातल्या उपाशी लेकराकडे पाहावे, हे त्यांचे सांगणे श्रद्धावंत मनाला प्रथम बोचते. परंतु ते नास्तिकाचे बोलणे नव्हते. ज्याच्या जिभेवर अखंड गोपाळाचे नाम होते आणि ज्याची वारी कधी चुकली नाही, अशा भक्ताचे ते बोलणे होते. म्हणून वारकऱ्यांनी ते ऐकून घेतले आणि त्यांना आपल्यातला मानले.

चोखोबांच्या नावाने

बाबा देवळात का जात नसत, याची कारणे निरनिराळी सांगितली जातात. दरिद्रीनारायण बाहेर असता आत काय पाहावयाचे, हा त्यांचा भाव तर प्रसिद्धच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. ज्या काळात ते वाळवंट झाडीत होते, त्या काळात पंढरीचे राऊळ सर्वांना उघडे नव्हते. महाद्वारापाशी चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करता करता दरड कोसळून ज्यांचा अंत झाला, त्या चोखामेळ्यांच्या अस्थी नामदेवरायांनी आणून तेथे ठेवल्या, अशी कथा परंपरेने सांगितली आहे. समाधी दाराशी आली, पण चोखोबांच्या जातीचा वारकरी पुढे सहा शतके त्या दारातूनच हात जोडून परत जात राहिला. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण मांडले तेव्हा ते दार उघडले.

मंदिराचे दार बंद होते, तसेच धर्मशाळांचेही होते. शेकडो मैल पायी चालून आलेला अस्पृश्य वारकरी रात्री कोठे निजावयाचा? उघड्या वाळवंटात, पावसात. आषाढातील पाऊस आणि चंद्रभागेचा पूर ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. बाबांच्या मनाला हे लागले. त्यांनी १९१७ च्या सुमारास पंढरपुरात अस्पृश्य यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधण्याचे मनावर घेतले आणि १९२० पर्यंत ती उभी राहिली. तिला त्यांनी चोखामेळ्यांचे नाव दिले. पैशाला ते स्वतः शिवत नसत. कीर्तनातून लोकांना सांगत आणि देणारे त्या कामासाठी परभारे देत. ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाही अशा माणसाच्या शब्दावर लोकांनी हजारो रुपये दिले. यानंतर पंढरपुरातच आणखी धर्मशाळा झाल्या. आळंदी, देहू, नाशिक येथेही झाल्या. गोरक्षण संस्था, सदावर्ते, नदीवरचे घाट, विद्यार्थ्यांची वसतिगृहे यांची यादी लांबच लांब आहे. या सर्व बांधकामांवर बाबा कोठे राहत, असा प्रश्न पडेल. ते बाहेर झाडाखाली किंवा उघड्यावर राहत. आपण बांधलेल्या छपराखाली त्यांनी बिऱ्हाड केले नाही.

चोखामेळा धर्मशाळेचे पुढे काय झाले, ही हकीकत मोठी हृद्य आहे. बाबासाहेब आंबेडकर आणि गाडगेबाबा यांचा एकमेकांवर जिव्हाळा होता. एक जगातल्या विद्यापीठांतून शिकून आलेला प्रकांड पंडित, दुसरा निरक्षर कीर्तनकार. १९४९ साली बाबांनी ही धर्मशाळा बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ती विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. दोन वर्षांपूर्वी मंदिराचे दार उघडले होते. यात्रेकरूच्या पाठीला जमीन मिळाली होती. आता त्याच्या नातवाच्या हाती पाटी यावी, अशी बाबांची दृष्टी असावी. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याशीही त्यांचा असाच स्नेह होता. रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली कऱ्हाड येथे काढलेल्या महाविद्यालयाला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. ज्याला सही करता येत नव्हती त्याच्या नावाने पदव्या मिळू लागल्या. २००५ साली अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव देण्यात आले.

घरची माणसे

संतचरित्र लिहिताना आपण बहुधा संतांच्या घरात डोकावत नाही. गाडगेबाबांच्या बाबतीत डोकावलेच पाहिजे.

१९२३ साली बाबा कोकणात, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील खारेपाटण येथे होते. कीर्तन चालू असता त्यांचा एकुलता एक मुलगा गोविंद वारल्याची बातमी आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. एवढ्या जनांची लेकरे रोज जातात, त्यांच्यासाठी आपण रडलो नाही, मग या एकासाठी कोणत्या तोंडाने रडावे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगतात. ही कथा आपण वैराग्याची परिसीमा म्हणून ऐकतो आणि ती तशी आहेही. पण तिकडे वऱ्हाडात गोविंदाची आई होती. तिला कीर्तनाचा आधार नव्हता, समोर हजारोंचा समुदाय नव्हता.

कुंताबाईंनी मोलमजुरी करून मुले वाढविली. पुढे नवऱ्याच्या शब्दावर लाखो रुपयांच्या इमारती उठल्या तेव्हाही त्या गरिबीतच, झोपडीत राहिल्या. बाबांनी संस्थांचे विश्वस्तपत्र केले तेव्हा आपल्या कुळातील कोणाचाही या मालमत्तेवर हक्क राहणार नाही, अशी तजवीज करून ठेवली. सार्वजनिक पैशाच्या बाबतीत इतका कडक पुरुष विरळा. आज ज्या रीतीने मठ आणि गाद्या पुत्रपौत्रांकडे जातात ते पाहता या दूरदृष्टीपुढे मस्तक नमते. तरीही मनात येते, की बाबांच्या खराट्याचे मोल जेथे सांगितले जाते तेथे कुंताबाईंच्या खुरप्याचेही सांगितले जावे. त्यांच्या वाट्याला फुलांचे हार आले नाहीत. त्यांनी तक्रार केल्याचेही ऐकिवात नाही.

पेढी नदीच्या पुलावर

अखेरच्या वर्षांत बाबांचे शरीर थकले होते, तरी फिरणे सुटले नव्हते. १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन संस्थांची व्यवस्था लागली. मुंबईस बाहेरगावचे रोगी उपचारासाठी येत आणि त्यांचे नातेवाईक रुग्णालयाच्या आवारात, पदपथावर दिवस काढीत. त्यांच्यासाठी जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा झाली, ती १९५४ साली. पंढरीच्या वाळवंटात भिजणाऱ्या वारकऱ्याविषयी जो कळवळा तोच मुंबईच्या पदपथावर निजणाऱ्या रोग्याच्या आप्तांविषयी. मिशनची दादर येथील धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्याबरोबर आलेल्यांना आसरा देते.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी वांद्रे येथे पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे शेवटचे कीर्तन झाले. ते शब्दशः उतरवून ठेवण्यात आले असल्यामुळे त्यांच्या बोलण्याचा बाज आजच्या वाचकालाही कळतो. देवाला भजावे, दारू पिऊ नये, कर्ज काढू नये, मुलांना शिकवावे, एवढेच त्यात आहे. पन्नास वर्षे जे सांगितले तेच. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. ही वार्ता ऐकून बाबा अतिशय व्यथित झाले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी सांगून ठेवले आहे.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, आजारी बाबांना घेऊन गाडी अमरावतीकडे निघाली होती. वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर ती आली असता त्यांनी देह ठेवला. ते घरी नव्हते, रुग्णालयात नव्हते, आपण बांधलेल्या कोणत्याही धर्मशाळेत नव्हते; वाटेवर होते. देह अमरावतीस आणण्यात आला. सकाळ होताच वऱ्हाडातील खेड्यापाड्यांतून माणसे मिळेल त्या वाहनाने आणि पायी निघाली. ज्या ठिकाणी त्यांना समाधी दिली तो भाग आता गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.